रक्तवाहिनीची हाक आणि सिकलसेलचा ठणका

नागपूर, चंद्रपूर, भंडारा, गडचिरोली या भागांतल्या आपल्या कितीतरी घरांत ‘सिकलसेल’ हा शब्द आजी-आजोबांपासून शाळकरी मुलांपर्यंत सर्वांना ठाऊक आहे. पोटापाण्यासाठी विदर्भ सोडून मुंबई-पुण्याकडे आलेल्या कुटुंबांबरोबर तो इकडेही आला. घरातले एखादे पोर अधूनमधून हातपाय धरून रडते, रात्र-रात्र झोपत नाही. त्याची शाळा बुडते, त्याच्याबरोबर आईची मजुरी बुडते. आणि आठ दिवसांनी तेच पोर गल्लीत खेळताना दिसले की शेजारीपाजारी म्हणतात, ‘‘काही नाही हो, सोंग करते!’’

वाचक बंधू-भगिनींनो, हे सोंग नव्हे. हाडाला रक्त पोहोचत नाही म्हणून होणारी ती वेदना आहे. डॉक्टर तिला ‘क्रायसिस’ म्हणतात.

या आजाराविषयी आपल्याला एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. ‘सिकल’ म्हणजेच विळा. हे खरे आहे, परंतु अर्धेच खरे आहे. विळ्यासारख्या पेशी तर रुग्णाच्या रक्तात रोजच असतात. मग ठणका रोज का लागत नाही? ताप आला, पाणी कमी पडले, थंडी बाधली की तो का उसळतो? आणि ज्याच्या रक्तात पांढऱ्या पेशी जास्त, त्याला धोकाही जास्त, असे का?

या प्रश्नांची उत्तरे रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीत आणि पांढऱ्या पेशींत आहेत. आम्ही डॉक्टर नव्हे, हिशेबाच्या वह्या लिहिणारी माणसे आहोत. पण रुग्णांच्या नातेवाईकांसोबत सरकारी रुग्णालयाच्या रांगेत उभे राहिले की एक गोष्ट कळते. औषध लिहून देणाऱ्याला समजावून सांगायला वेळ नसतो आणि औषध घेणाऱ्याला विचारायचा धीर होत नाही. म्हणून जे आम्ही वाचून, विचारून समजून घेतले ते साध्या भाषेत येथे मांडत आहोत.

पांढऱ्या पेशींना पत्ता कोण सांगतो?

निरोगी माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तात, म्हणजे एका बारीक टिपक्याएवढ्या रक्तात, साधारण ४५ ते ५० लाख तांबड्या पेशी असतात. पांढऱ्या पेशी मात्र ४ ते ११ हजारच. त्यांतल्या निम्म्याहून अधिक बहुधा ‘न्यूट्रोफिल’ जातीच्या असतात. जंतू दिसला की त्याला गिळून मारणे हे त्यांचे काम. आपल्या हाडांतला मगज या पेशी रोज १०,००० कोटींच्या आसपास तयार करतो, कारण रक्तात आल्यावर त्यांचे आयुष्य काही तासांचेच असते.

आता असे पाहा. अनवाणी चालताना डाव्या टाचेत काटा मोडला. काही तासांत टाच लाल होते, सुजते, गरम लागते, ठणकते. दोन दिवसांत पू धरतो. तो पू म्हणजे मुख्यतः तेथे येऊन लढून मेलेल्या पांढऱ्या पेशीच. पण या पेशी तर रक्ताच्या धारेत सुसाट वाहत होत्या. त्यांना ना डोळे ना कान. मग उजवी टाच नव्हे, डावीच टाच, आणि तीही नेमकी एवढीशी जागा, हे त्यांना कोणी सांगितले?

दीडशे वर्षांपूर्वीपर्यंत मोठमोठ्या वैद्यांचाही समज असा होता की पू त्याच जागच्या मांसातून तयार होतो. १८६७ साली जर्मनीत युलिउस कोनहाइम या डॉक्टरने बेडकाच्या शरीरातला पातळ पारदर्शक पडदा सूक्ष्मदर्शकाखाली पसरून तासन् तास पाहिला. जिथे सूज येत होती तेथील बारीक नीलांमध्ये पांढऱ्या पेशी प्रवाह सोडून कडेला येऊ लागल्या, भिंतीला चिकटल्या आणि हळूहळू भिंतीतून बाहेर पडल्या. फ्रान्सच्या द्युत्रोशे यांनी १८२४ साली आणि इंग्लंडच्या वॉलर यांनी १८४६ साली असे काही पाहिल्याची नोंद होती, पण तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नव्हते. कोनहाइम यांनी पुढे जाऊन सांगितले की बदल घडतो तो रक्तवाहिनीच्या भिंतीत. भिंत बदलते म्हणून पेशी थांबतात.

भिंतीत नेमके काय बदलते, हे कळायला मात्र पुढची शंभराहून जास्त वर्षे लागली.

धरणे, सांगणे, चिकटणे

कोटाला जसे आतून अस्तर असते तसे प्रत्येक रक्तवाहिनीला आतून सपाट पेशींचे एकपदरी अस्तर असते. पूर्वी वाटे की हे अस्तर म्हणजे नुसती गुळगुळीत नळी, रक्त वाहून नेण्यापुरती. प्रत्यक्षात ते शरीरातले जागते पहारेकरी आहे.

काटा मोडला की आसपासच्या पेशी ‘हिस्टामिन’ नावाचे रसायन सोडतात. जखमेत रक्त गोठू लागले की ‘थ्रॉम्बिन’ तयार होते. यांपैकी काहीही अस्तराला लागले की अस्तराच्या पेशी जाग्या होतात. त्यांच्या पोटात लांबट पिशव्या असतात. १९६४ साली वायबेल आणि पॅलेड या शास्त्रज्ञांनी त्या प्रथम पाहिल्या. या पिशव्यांत ‘पी-सिलेक्टिन’ नावाचा पदार्थ आधीच भरून ठेवलेला असतो. हाक मिळताच काही मिनिटांत पिशव्या फुटतात आणि तो पदार्थ अस्तराच्या तोंडावर येतो.

येथून तीन पायऱ्या सुरू होतात.

पहिली पायरी धरण्याची. गवतातून चालताना धोतराला, लुगड्याला कुसळे धरतात, सुटतात, पुन्हा धरतात. पी-सिलेक्टिन वाहत्या पांढऱ्या पेशीला तसेच धरते. पकड घट्ट नसते. पेशी सुटते, पुन्हा धरली जाते आणि भिंतीवरून गडगडत हळू चालू लागते. अजून ती थांबलेली नाही, पण तिचा वेग मोडलेला आहे.

दुसरी पायरी सांगण्याची. आपल्या विषयाचा गाभा हाच. अस्तर पेशीला नुसते धरत नाही, तिच्याशी बोलते, आणि ते बोलणे रसायनांतून होते. अमेरिकेतील युटा येथे झिमरमन, मॅकइंटायर आणि प्रेस्कॉट या संशोधकांनी १९८५ पासून दाखवून दिले की जागे झालेले अस्तर ‘पॅफ’ नावाचा चरबीच्या जातीचा पदार्थ तयार करते आणि तो आपल्या अंगावरच धरून ठेवते. १९९१ साली त्यांच्या गटाने मांडले की पी-सिलेक्टिन आणि पॅफ जोडीने काम करतात. एक धरते, दुसरे सांगते. १९८७ साली ओळखले गेलेले ‘इंटरल्युकिन-८’ हे असेच दुसरे सांगणारे रसायन. तेही भिंतीवरच्या साखरेसारख्या धाग्यांना चिकटून बसते. गडगडत येणाऱ्या पेशीचा स्पर्श या रसायनांना झाला की क्षणार्धात ती पेशी चेतते.

चेतते म्हणजे काय होते? पांढऱ्या पेशीच्या अंगावर ‘इंटिग्रिन’ नावाचे हात असतात. एरवी ते खिशातल्या चाकूसारखे मिटलेले असतात. रसायनाचा निरोप आत पोहोचला की ते फटकन उघडतात.

मग तिसरी पायरी, चिकटण्याची. उघडलेले हात अस्तरावरच्या ‘आयकॅम’ नावाच्या कड्या घट्ट पकडतात. पेशी जागच्या जागी थांबते, चपटी होते, सरपटत दोन अस्तर-पेशींमधली फट शोधते आणि त्या फटीतून अंग चोरून बाहेर पडते. काट्यापाशी पोहोचली की तिचे काम सुरू. धोका टिकून राहिला तर पुढच्या काही तासांत अस्तर ‘ई-सिलेक्टिन’ नावाचा नवा धरणारा पदार्थ बनवते आणि आणखी पेशी बोलावते.

हे अनुमान नव्हे. १९९१ साली बोस्टनमध्ये लॉरेन्स आणि स्प्रिंगर यांनी कृत्रिम पडद्यावर हे पदार्थ लावून त्यावरून पांढऱ्या पेशींची धार सोडली. फक्त सिलेक्टिन असेल तर पेशी गडगडत राहिल्या. फक्त आयकॅम असेल तर धारेतून त्या धरल्याच गेल्या नाहीत. दोन्ही पदार्थ असले आणि सोबत चेतवणारे रसायन दिले, तेव्हाच त्या ठाम थांबल्या. इंटिग्रिनवरील कामासाठी टिमथी स्प्रिंगर यांना २०२२ साली अन्य दोघांबरोबर लास्कर पुरस्कार मिळाला.

कचेरीत काम करणाऱ्याला हे चटकन समजेल. बिल पास व्हायला तीन सह्या लागतात. एकही सही कमी असेल तर पैसा सुटत नाही. शरीरानेही तीन सह्यांची अट घातली आहे, कारण पांढऱ्या पेशीच्या पोटात जंतू जाळणारी तीव्र रसायने असतात. ती चुकीच्या जागी सांडली तर आपलेच मांस जळते. म्हणूनच सांगणारे रसायन रक्तात ओतून दिले जात नाही, भिंतीवरच ठेवले जाते. रक्तात ओतले असते तर साऱ्या शरीरातल्या पेशी एकदम चेतल्या असत्या. भिंतीवर ठेवल्यामुळे हाकेला पत्ता मिळतो.

तिन्ही सह्या किती मोलाच्या आहेत ते काही दुर्मिळ बालकांच्या आजारातून कळते. काहींच्या पेशींना गडगडताच येत नाही. काहींना निरोप मिळतो पण हात उघडत नाहीत. काहींचे हातच जन्मतः नसतात किंवा तोकडे असतात. तिन्ही प्रकारांत रक्तात पांढऱ्या पेशी भरपूर, नेहमीपेक्षाही जास्त असतात, आणि तरी बाळ जंतूंपुढे हतबल होते, कारण पेशी बाहेर पडतच नाहीत. जखम चिघळते, पण पू धरत नाही.

हाक पोहोचली नाही तर काय होते ते हे झाले. आता हाक विनाकारण दिली गेली तर काय होते ते पाहू.

सिकलसेलमध्ये हाक विनाकारण जाते

सिकलसेलचे मूळ तांबड्या पेशीत आहे, यात शंका नाही. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की या रुग्णांचे हिमोग्लोबिनच वेगळे असते. प्राणवायू कमी झाला की या हिमोग्लोबिनच्या काड्या बनतात आणि पेशी वाकते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलची पेशी दहा-वीस दिवसांत फुटते. म्हणून रुग्ण फिकट दिसतो, डोळे पिवळसर दिसतात.

पण फुटलेल्या पेशीतून जे सांडते तेच पुढच्या त्रासाचे कारण होते. हिमोग्लोबिनमधला लोहयुक्त भाग, ज्याला ‘हीम’ म्हणतात, तो मोकळा होऊन अस्तराला डिवचतो. २०१४ साली अमेरिकेतील संशोधकांनी उंदरांवर दाखवले की मोकळ्या हीममुळे अस्तरातल्या त्याच पिशव्या फुटतात आणि पी-सिलेक्टिन बाहेर येते.

म्हणजे काटा नाही, जखम नाही, जंतू नाही, आणि तरी भिंत हाक देते. पांढऱ्या पेशी बिचाऱ्या आज्ञाधारक. त्या येतात, धरल्या जातात, चेततात, चिकटतात. आधीच अरुंद असलेल्या बारीक नीलेत त्या कडेला बसल्या की रस्ता आणखी अरुंद होतो. मग मागून येणाऱ्या विळ्यासारख्या तांबड्या पेशी त्यांनाच येऊन अडकतात. रक्त तुंबते. तुंबलेल्या रक्तातला प्राणवायू संपतो, म्हणून आणखी तांबड्या पेशी वाकतात, आणखी फुटतात, आणखी हीम सांडते, आणि भिंत आणखी मोठ्याने हाक देते. असे हे चक्र आहे. ते हाडात फिरले की ठणका, छातीत फिरले की श्वास अडतो. मेंदूकडच्या रक्तवाहिन्यांवर आजाराचा आघात झाला तर पक्षाघातही होऊ शकतो.

आता सुरुवातीच्या प्रश्नांची उत्तरे मिळतात. ताप म्हणजे बहुधा जंतुसंसर्ग. संसर्गात भिंत आधीच हाक देत असते, त्यात सिकलसेलची भर पडते. पाणी कमी पडले की तांबड्या पेशीतले हिमोग्लोबिन दाट होते आणि त्याच्या काड्या लवकर बनतात. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, प्रवाह मंदावतो, पेशीला वाकायला वेळ मिळतो. डॉक्टर ‘पाणी पाजा, थंडीपासून जपा, ताप अंगावर काढू नका’ असे सांगतात तो काही नुसता रिवाज नाही. प्रत्येक सूचना या चक्राचा एकेक आरा मोडण्यासाठी आहे.

हे खरे कशावरून?

२००२ साली न्यूयॉर्कमध्ये पॉल फ्रेनेट यांच्या गटाने सिकलसेल असलेल्या उंदरांच्या जिवंत रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. आधी पांढऱ्या पेशी भिंतीला चिकटल्या आणि तांबड्या पेशी येऊन त्यांना अडकल्या. ज्या उंदरांच्या अस्तरात धरणारे सिलेक्टिनच नव्हते, ते या तुंबण्यापासून बचावले.

माणसांतही साक्ष मिळते. अमेरिकेत मोठ्या संख्येने रुग्णांची वर्षानुवर्षे नोंद ठेवून १९९४ साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात पांढऱ्या पेशी जास्त असणे हे लवकर मृत्यू येण्याच्या धोक्याचे एक लक्षण ठरले. मगजातून पांढऱ्या पेशी वाढवणारे इंजेक्शन सिकलसेलच्या रुग्णांना दिल्यावर जीवघेणा क्रायसिस आल्याच्याही नोंदी आहेत.

मग धरणारे पी-सिलेक्टिनच झाकून टाकले तर? तेही करून पाहिले गेले. ‘क्रिझानलिझुमॅब’ नावाचे औषध २०१७ च्या चाचणीत उपयोगी दिसले. जास्त मात्रा घेणाऱ्यांत वर्षाला १.६३ क्रायसिस, तर नुसते पाणी-औषध घेणाऱ्यांत २.९८. अमेरिकेने २०१९ साली त्याला मान्यता दिली. परंतु पुढच्या मोठ्या चाचणीत औषध आणि पाणी-औषध यांत फरक दिसला नाही, आणि २०२३ साली युरोपने मान्यता काढून घेतली. शास्त्राची रीत अशी असते. उंदरात दिसलेले माणसात पुन्हा तपासायचे, एकदा दिसलेले दुसऱ्यांदा तपासायचे, आणि निकाल नकोसा आला तरी जाहीर करायचा. भिंतीवरचा एक धागा तोडून भागत नाही, चक्राला अनेक आरे आहेत, हा धडा त्यातून मिळाला.

हायड्रॉक्सीयुरिया: भीती आणि वस्तुस्थिती

ज्या औषधाने आजवर सर्वाधिक रुग्णांचा ठणका कमी केला ते महाग इंजेक्शन नव्हे, तर एक साधी कॅप्सूल आहे. तिचे नाव हायड्रॉक्सीयुरिया. १९९५ साली अमेरिकेत २९९ प्रौढ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. औषध घेणाऱ्यांत क्रायसिसचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले.

हे औषध दोन बाजूंनी काम करते. बाळ पोटात असताना त्याच्या रक्तात जे हिमोग्लोबिन असते ते पुन्हा वाढवते, त्यामुळे तांबड्या पेशी कमी वाकतात. आणि दुसरे म्हणजे पांढऱ्या पेशींची संख्या व चिकटपणा कमी करते. हाक देणारी भिंत तीच राहिली तरी हाकेला धावणारे कमी झाले, म्हणजे रस्ता मोकळा राहतो.

पण घराघरांत या औषधाची धास्ती आहे. ‘‘हे तर कॅन्सरचे औषध,’’ असे एकजण म्हणतो. ‘‘रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी कमी झाल्या, म्हणजे अंगातली ताकद गेली,’’ असे दुसरा म्हणतो. आणि बरे वाटू लागले की कॅप्सूल बंद होते. माता-भगिनींनो, औषध कॅन्सरमध्येही वापरतात हे खरे, पण येथे मात्रा वजनानुसार बेताने ठरवलेली असते. पांढऱ्या पेशी थोड्या कमी होणे हा येथे औषधाच्या गुणाचाच भाग आहे. त्या फार कमी होऊ नयेत म्हणूनच डॉक्टर ठरावीक दिवसांनी रक्त तपासायला बोलावतात. ती तपासणी चुकवू नये. मूल हवे असेल, दिवस गेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे. औषध मनाने सुरू करू नये आणि मनाने बंदही करू नये.

दुसरा धोका गल्लीतल्या पदवी नसलेल्या ‘डॉक्टर’चा. ठणका लागला की तो एक सुई टोचतो आणि तासाभरात आराम पडतो. पुष्कळदा त्या सुईत स्टेरॉइड असते. ते सूज दाबते, पण त्याचा अंमल उतरल्यावर सिकलसेलचा ठणका उलटून पुन्हा जोराने येऊ शकतो. शंभर रुपयांच्या सुईने आठ दिवसांचे रुग्णालय पदरात पडते.

घरात काय पाहावे?

सिकलसेलच्या मुलाला १०१ अंशांच्या वर ताप आला तर तो साधा ताप समजू नये. या आजारात पानथरी, म्हणजे प्लीहा, लवकर निकामी होते आणि जंतू रक्तात झपाट्याने पसरू शकतात. त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे. छातीत दुखून दम लागणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, तोंड वाकडे होणे, पोटाची डावी बाजू अचानक फुगून पोर पांढरेफटक पडणे, यांपैकी काहीही दिसले तरी थांबू नये. सहा महिने ते दोन वर्षांच्या बाळाचे हाता-पायांचे पंजे सुजून ते रडत असेल तर दृष्ट काढत बसू नये, रक्त तपासून घ्यावे. आजाराची पहिली खूण अनेकदा हीच असते.

एरवी पाण्याची बाटली मुलाच्या दप्तरात असलीच पाहिजे. वर्गात लघवीला जाऊ देण्याबद्दल शिक्षकांना सांगून ठेवावे, कारण या मुलांना लघवी जास्त होते. थंडीत अंगभर कपडे, पावसात भिजल्यावर लगेच कोरडे करणे, उन्हात फार वेळ कष्ट न करणे, लसी आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या गोळ्या वेळेवर, एवढी पथ्ये आहेत. ठणक्याच्या जागी बर्फ लावू नये.

लपवू नका, तपासा

आता शेवटची आणि नाजूक बाब. हा आजार जातीचा शाप नाही, रक्त ‘अशुद्ध’ असण्याची खूण नाही आणि करणीही नाही. भारतात तो १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत प्रथम नोंदला गेला आणि त्यानंतर काही वर्षांतच नागपूर भागातही आढळला. आफ्रिका, अरबस्तान, भूमध्य समुद्राकाठचे देश, सगळीकडे तो आहे. जेथे पूर्वी मलेरियाचा कहर होता तेथे तो टिकला. त्याचे कारण अँथनी ॲलिसन यांनी १९५४ साली दाखवले. ज्याला आई-बापांपैकी एकाकडूनच हा गुण मिळतो, त्या वाहकाचा, म्हणजे ‘एएस’ माणसाचा, गंभीर मलेरियापासून बचाव होतो. आपल्या पूर्वजांना ज्या गुणाने जगवले त्याची लाज का वाटावी?

वाहक माणूस सहसा निरोगी असतो, कष्ट करतो, लग्न करतो. अडचण येते ती दोन वाहकांनी एकमेकांशी लग्न केल्यावर. अशा जोडप्याला प्रत्येक गर्भारपणात चारात एक शक्यता आजारी मुलाची, चारात दोन वाहक मुलाची आणि चारात एक पूर्ण मुक्त मुलाची असते. म्हणून सोयरीक जुळवताना पत्रिका पाहण्यापेक्षा रक्ताचा रिपोर्ट पाहावा. दोघेही वाहक निघाले तरी मुलीला नाकारून तिची बदनामी करू नये. लग्न झालेले असेल तर दिवस जाताच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. गर्भाची तपासणी करता येते.

राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झाले. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे त्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. वस्तीत तपासणीचे पथक आले तर दार लावून घेऊ नका. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये सिकलसेलचा समावेश आहे, हेही ध्यानात ठेवा. रुग्णाने सरकारी रुग्णालयातून प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा. शाळेत, परीक्षेत, नोकरीत त्याचा उपयोग आहे. अर्जाची एक प्रत शिक्क्यासह स्वतःजवळ ठेवावी. कारकुनी अनुभवाचा हा सल्ला मोलाचा समजा.

रक्तवाहिनीची भिंत मुकी नाही. ती हाक देते आणि पांढऱ्या पेशी ती हाक टाळत नाहीत. सिकलसेलच्या पोराच्या अंगात ही हाक वारंवार, विनाकारण उठते. तिचा परिणाम म्हणून ते पोर रडते. निदान त्याच्या रडण्याला तरी आपण सोंग म्हणू नये. पाणी द्यावे, कॅप्सूल द्यावी, ताप पाहावा, आणि त्याची हाक ऐकून वेळेवर रुग्णालयात न्यावे.